पहिलं क्रेडिट कार्ड घेताय? मग आधी नियमांतले दिवस मोजायला शिका

नोकरी लागून दोन-तीन पगार झाले की फोन सुरू होतात, सर तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन आणि आधार पाठवा. माझा मावसभाऊ हिंजवडीला लागला तेव्हा कंपनीच्या कॅन्टीनबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांकडून त्याने एका दिवसात दोन कार्डं घेतली आणि चार महिन्यांनी रात्री मला फोन, दादा मी तर पैसे भरले होते मग हे व्याज कुठून आलं? त्या रात्री त्याचं स्टेटमेंट उघडून आम्ही बसलो आणि तेव्हापासून मी हे नियम नीट वाचायला लागलो, आता ओळखीतल्या कोणीही पहिलं कार्ड घेतलं की मी हेच सगळं सांगतो, म्हटलं एकदा लिहूनच काढू.

तर आधी एक गोष्ट. क्रेडिट कार्डांसाठी आरबीआयने एप्रिल २०२२ मध्ये एक सविस्तर मास्टर डायरेक्शन, म्हणजे सगळे नियम एकत्र असलेली नियमावली, काढली, ती १ जुलै २०२२ पासून लागू झाली, मग मार्च २०२४ मध्ये त्यात काही दुरुस्त्या झाल्या. त्यात ग्राहकाच्या बाजूने बरंच काही आहे. पण जवळपास प्रत्येक नियमाला दिवसांचा आकडा चिकटलेला आहे, कुठे ३ दिवस, कुठे ७, कुठे ३०, आणि हे दिवस कधीपासून मोजायचे यावरच सगळं भांडण होतं. तुम्ही कस्टमर केअरशी तासभर बोललात तरी त्याचा पुरावा तुमच्या हातात काहीच नसतो. ईमेल केलात, रेफरन्स नंबर घेतलात, तर तारीख तुमच्याकडे असते. त्यामुळे आत्ताच मेलमध्ये कार्डाच्या नावाने एक फोल्डर करा, पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

१. सही करण्याआधी

अर्जासोबत एक पानाचं की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे, त्यात व्याजदर, फी, बाकीचे चार्जेस असतात. टेबलवाला पोरगा ते स्वतःहून देईलच असं नाही, मागून घ्या. त्यात तीन गोष्टी बघा, महिन्याचा व्याजदर आणि त्याचा वार्षिक आकडा, वार्षिक फी किती आणि ती कोणत्या अटीवर माफ होते, आणि एटीएममधून कॅश काढली तर काय लागतं. "लाइफटाइम फ्री" म्हणजे फक्त वार्षिक फी नाही एवढंच, व्याज आणि लेट फी त्या फ्रीमध्ये येत नाही हे नवीन लोकांना कोणी सांगतच नाही.

कार्डासोबत इन्शुरन्स किंवा दुसरं काही गळ्यात मारलं जात असेल तर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ते लावता येत नाही. अर्जात आधीच टिक केलेले चौकोन असतील तर एकेक करून काढा. टेलीमार्केटिंगच्या फोनची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ अशी ठरलेली आहे. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यावं लागतं, तेही मागा, कारण बऱ्याचदा सिबिलच्या (कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टमध्ये काहीतरी चुकीचं पडलेलं असतं आणि ते या निमित्ताने कळतं.

२. न मागता कार्ड घरी आलं तर

माझ्या आईच्या नावाने साताऱ्याला कुरियरने कार्ड आलं होतं, तिने कधीही कुठेही अर्ज केलेला नव्हता, आणि दोन दिवसांनी फोन, मॅडम अ‍ॅक्टिव्हेशनसाठी ओटीपी सांगा. आई बिचारी सांगायलाच निघाली होती, सुदैवाने वहिनी घरी होती.

न मागता कार्ड देणं सरळ बंद आहे. असं कार्ड तुमच्या संमतीशिवाय चालू झालं आणि त्यावर बिल लावलं तर ते चार्जेस परत तर करावे लागतातच, वर तेवढ्याच रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. शिवाय वेळ गेला, खर्च झाला, मनस्ताप झाला, त्याची भरपाई आरबीआयच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मागता येते ती वेगळी.

मागितलेलं कार्ड असेल पण तुम्ही ३० दिवसांत चालूच केलं नाही, तर कंपनीने ओटीपीने तुमची संमती विचारायची, तुम्ही दिली नाही तर विचारल्यापासून ७ कामाच्या दिवसांत ते कार्ड फुकटात बंद करायचं. म्हणून नको असलेल्या कार्डाचा ओटीपी कुणालाही देऊ नका, ओटीपी दिलात की ती तुमची संमती धरली जाते.

३. कार्ड हातात आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात

अ‍ॅप उघडा आणि कार्ड कंट्रोल शोधा. ऑनलाइन, टॅप करून पेमेंट, परदेशातले व्यवहार, हे सगळं वेगवेगळं चालू-बंद करायची आणि प्रत्येकाची लिमिट ठरवायची सोय देणं २०२० पासून बंधनकारक आहे. परदेशी व्यवहार बंदच राहू द्या, जाल तेव्हा चालू करा. टॅपने ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, हे ध्यानात ठेवून ती लिमिट कमी करता येते, मी स्वतः ती बंदच ठेवतो.

मोबाइल नंबर आणि ईमेल बरोबर आहे ना ते बघा, कारण पुढे सांगतोय ते फ्रॉडचे दिवस तुम्हाला एसएमएस किंवा मेल मिळाल्यापासून मोजले जातात. कंपनी स्वतःहून तुमची लिमिट वाढवू शकत नाही, तुमची परवानगी लागते. लिमिटच्या वर खर्च होऊ द्यायचा असेल तरी तुमची स्पष्ट संमती लागते, ती देऊ नका, नाहीतर ओव्हरलिमिट फी लागते.

बिलाची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर निदान एकदा तरी बिलिंग सायकल बदलून मिळतं, तो तुमचा हक्क आहे. पगार ७ तारखेला होतो आणि ड्यू डेट ३ ला येते अशी अवस्था असलेली कितीतरी पोरं मी बघितलीत, दर महिन्याला उसनवारी, आणि एका मेलने सुटणारा प्रश्न असतो तो.

४. स्टेटमेंट वाचणं, इथे थोडं थांबा

माझ्या भावाचं घोडं इथेच अडलं होतं. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि मिनिमम ड्यू म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम. मिनिमम ड्यू भरलं की लेट फी लागत नाही, एवढंच होतं. बाकी रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि मागची बाकी असेपर्यंत नवीन खरेदीलाही व्याजमुक्त काळ मिळत नाही. म्हणजे आज किराणा घेतला तरी आजपासूनच व्याज.

एक उदाहरण धरू. ५ जूनला ४०,००० चा फोन घेतला, २० जूनला बिल निघालं, ८ जुलै ड्यू डेट. तुम्ही ८ जुलैला ३५,००० भरले, म्हटलं ५,००० राहिले तर राहिले, त्याचं व्याज कितीसं होणार. बऱ्याच कार्डांच्या हिशोबात व्याज धरलं जातं ते ५ जूनपासून ८ जुलैपर्यंत पूर्ण ४०,००० वर, आणि तिथून पुढे उरलेल्या ५,००० वर. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरला तर पहिल्या ३३ दिवसांचेच साधारण १,५१९ रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पाच हजारांची बाकी आणि दीड हजारांहून जास्त व्याज! तुमच्या कार्डाचा हिशोब कसा होतो ते उदाहरणासकट कार्डाच्या महत्त्वाच्या अटींमध्ये दिलेलं असतं, एकदा कागद-पेन घेऊन बसाच.

आणि या व्याजाला सरकारी कमाल मर्यादा असेल असं समजू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित प्रथा आहे असं म्हटलं होतं, पण सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दराशी भांडण्यात अर्थ नाही, पूर्ण बिल भरणं हाच त्यावरचा उपाय आहे, ज्याला ते जमणार नाही त्याने कार्डच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण व्याज कशावर लावायचं, कसं लावायचं याला मात्र नियम आहेत आणि ते तपासा:

- बिल मिळाल्यापासून पैसे भरायला किमान १४ दिवस मिळायला हवेत. बिल उशिरा आलं तर त्या मेलची तारीख जपून ठेवा.
- ड्यू डेटनंतर ३ दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते आणि सिबिलला थकबाकी कळवता येते. चौथा दिवस उजाडला तर मात्र दिवस ड्यू डेटपासूनच धरतात. आणि हे तीन दिवस लेट फीचे आहेत, व्याज माफ होतं असं समजू नका.
- लेट फी उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही.
- न भरलेली फी, चार्जेस, टॅक्स मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज लावता येत नाही.
- रिफंड आला किंवा व्यवहार फेल होऊन पैसे परत आले आणि तुम्ही अजून बिल भरलेलं नाही, तर ते लगेच देय रकमेतून वजा करून तुम्हाला कळवायला हवं.

"नो कॉस्ट ईएमआय"चं पण बघा. मुद्दल किती, व्याज किती आणि ते व्याज भरून काढायला डिस्काउंट कोणी किती दिला हे वेगळं दाखवावं लागतं, व्याज असलेला ईएमआय झिरो इंटरेस्टच्या नावाखाली लपवता येत नाही. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लोक विसरतात.

बिलात चूक दिसली तर लगेच लेखी तक्रार करा, कंपनीला तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा द्यावा लागतो, आणि लागेल तिथे कागदपत्रांसकट. फ्रॉड म्हणून वाद घातलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत चार्जेस लावता येत नाहीत. मधल्या काळात बाकीचं बिल, जे तुम्हाला मान्य आहे, ते वेळेत भरा हं, रागाच्या भरात सगळंच बिल थांबवणारे लोक स्वतःचा सिबिल स्कोअर घालवून बसतात.

५. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर

इथे मिनिटं मोजायची. अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेच्या हेल्पलाइनला कळवा आणि तक्रार नंबर घ्या, लगेच त्याच नंबरचा उल्लेख करून मेल टाका, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. हा क्रम पाठच करून ठेवा.

६ जुलै २०१७ च्या आरबीआयच्या परिपत्रकात नुकसान कोणी सोसायचं याचे स्पष्ट टप्पे आहेत. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवा न कळवा. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधेच कुठेतरी डेटा फुटला, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलंत तर शून्य (मेसेज आला तो दिवस धरायचा नाही). ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला त्या व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर, त्यापेक्षा मोठ्या लिमिटच्या कार्डाला २५,०००. ७ दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर.

आणि तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर? मग कळवेपर्यंत जेवढं गेलं ते तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका, माझ्या ओळखीतल्या एका काकांनी घरी कळू नये म्हणून आठवडा काढला आणि त्या आठवड्यात आणखी तीन व्यवहार झाले. फसवणूक होणं ही शरमेची गोष्ट नाही हो, शिकलेले, बँकेतून रिटायर झालेले लोकही फसतात.

कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. हे शेवटचं वाक्य तुमच्या मेलमध्ये जरूर घाला. मेल साधा असू द्या, काहीसा असा:

"माझ्या कार्डावर (शेवटचे चार आकडे अमुक) अमुक तारखेला अमुक वाजता इतक्या रुपयांचा व्यवहार झाल्याचा मेसेज आला. हा व्यवहार मी केलेला नाही. अमुक वाजता मी हेल्पलाइनला कळवलं, तक्रार क्रमांक अमुक. आरबीआयच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ही रक्कम १० कामाच्या दिवसांत जमा करावी आणि व्याज लावू नये. चूक माझी होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे."

बस्स. लांबलचक रागाची पत्रं लिहू नका, तारीख, वेळ, रक्कम, मागणी.

६. हप्ता चुकला आणि वसुलीवाले मागे लागले

पैसे देणं आहे म्हणजे तुमची अब्रू काढायचा परवाना कुणाला मिळत नाही. ऑगस्ट २०२२ च्या आरबीआयच्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाहीत, धमक्या, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांना-मित्रांना त्रास देणं चालत नाही. एजंटच्या वागण्याची जबाबदारी कार्ड देणाऱ्या संस्थेची. फोन आला की तारीख-वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, आणि संस्थेच्या तक्रार विभागाला मेल करा. त्याच मेलमध्ये तुम्ही किती आणि कधी भरू शकता तेही लिहा, त्याने तुमची बाजू मजबूत होते.

७. तक्रार वर न्यायची कशी

आधी कार्ड कंपनीकडे लेखी. वेबसाइटवर नोडल किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर तिथे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर आरबीआयचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) सगळ्यांसाठी एकच योजना आहे, तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर होते, माहितीसाठी १४४४८ वर फोन, एक रुपया फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. २०२१ च्या योजनेत नुकसानीचे २० लाखांपर्यंत आणि मनस्तापाचे वेगळे १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार लोकपालाला दिलाय.

इथे सगळ्यात जास्त तक्रारदार कशात चुकतात माहितीये? आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेलीच नसते, किंवा केली पण ३० दिवस व्हायच्या आधीच लोकपालाकडे धावतात, आणि तक्रार परत येते. त्या फोल्डरमधला पहिला मेल इथे कामाला येतो.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात केस करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला आहे म्हणून मुंबईला जावं लागत नाही, नांदेडचा माणूस नांदेडला करू शकतो. घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत, वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतं. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ वर फोन. माझं मत विचाराल तर चार्जेस, फ्रॉड, बंद न केलेलं कार्ड अशा सरळ गोष्टीला आधी लोकपाल, आणि भरपाईचं मोठं भांडण असेल तर आयोग.

८. कार्ड बंद करताना

हा माझा स्वतःचा अनुभव. एक कार्ड बंद करायला फोन केला, तर आधी पॉइंट्सचं आमिष, मग वरिष्ठांना जोडतो म्हणून वीस मिनिटं गाणं, मग कॉल कट. असं तीनदा. शेवटी सगळी बाकी भरून मेल टाकला, त्यात एवढंच लिहिलं की नियमाप्रमाणे ७ कामाच्या दिवसांत बंद करा, उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतील. चार दिवस उशीर झाला, मी परत मेल करून २,००० मागितले आणि ते खरंच जमा झाले. तिथे मला पहिल्यांदा कळलं की तारीख असलेला एक मेल काय करतो.

नियम असाच आहे, बाकी शून्य असली तर विनंती केल्यापासून ७ कामाच्या दिवसांत बंद, नाहीतर बंद होईपर्यंत रोजचे ५००. पोस्टाने पत्र पाठवा असा हट्ट त्यांना धरता येत नाही. एक वर्षाहून जास्त कार्ड वापरलं नाही तर कंपनी तुम्हाला कळवून स्वतःच बंद करायची प्रक्रिया सुरू करते, तुमचं ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद होतं. चार्जेस वाढवायचे असतील तर महिनाभर आधी कळवावं लागतं आणि ते पटले नाहीत तर तुम्ही जादा काही न भरता कार्ड परत करू शकता. बंद करण्याआधी त्यावर लावलेले ऑटो-डेबिट दुसरीकडे हलवा, पॉइंट्स वापरून टाका.

बंद झाल्यावर नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं, पत्र मागा, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. खातं "क्लोज्ड" दिसायला हवं. "सेटल्ड" दिसत असेल तर त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत असा घेतला जातो आणि पुढे होम लोनला तेच आडवं येतं, म्हणून थकलेल्या कार्डावर कमी पैशात मिटवून टाकू अशी ऑफर आली तर सही करण्याआधी रिपोर्टमध्ये काय लिहिणार ते लेखी विचारा. रिपोर्टमध्ये चूक असेल तर नो ड्यूजचं पत्र जोडून दुरुस्तीची तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर ३१व्या दिवसापासून रोजचे १०० रुपये भरपाई तुमची, आणि हे ३० दिवसही तक्रारीच्या तारखेपासूनच मोजायचे.